उडालेल्या कंपन्यांचे पत्ते

मुंबई दर्शनच्या बसमध्ये हा रूट नाही. पण तुमचं ऑफिस अंधेरी किंवा बीकेसीत असेल, तर यातले एक-दोन पत्ते तुमच्या रोजच्या वाटेवरच आहेत. एखाद्या रविवारी, ट्रॅफिक कमी असताना, जरा रेंगाळून बघा. विमान कंपनी बुडते म्हणजे नेमकं काय बुडतं, ते इथे फिरताना मस्त कळतं.

सुरुवात पार्ल्यापासून. डोमेस्टिक एअरपोर्टजवळचं किंगफिशर हाऊस. २००५ मध्ये सुरू झालेली ही एअरलाइन म्हणजे ग्लॅमरचा कळस! पुढे तिने स्वस्तातली एअर डेक्कन गिळली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये स्वतःच जमिनीवर आली ती कायमची. बँकांनी २०१६ मध्ये ही इमारत लिलावात काढली, किंमत दीडशे कोटी. एकही गिऱ्हाईक नाही! ब्रँडचाही लिलाव झाला. तिथेही शुकशुकाट. शेवटी २०२१ मध्ये इमारत गेली ती ५२ कोटींच्या आसपास. विमानं बहुतेक भाड्याचीच असतात. ती मालक घेऊन जातो. मग बँकांच्या हाती उरतं ते हे असं.

इथून अंधेरीचा सहार रोड गाठा. जेट एअरवेजचं हेडऑफिस इथलंच. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून जेटचं शेवटचं विमान मुंबईत उतरलं आणि हजारो लोकांची नोकरी एका रात्रीत अधांतरी लटकली. पायलट, केबिन क्रू तर आलेच, पण केटरिंगवाले, लोडर, क्रूला ने-आण करणारे ड्रायव्हरही. कंपनी पुन्हा उडणार, उडणार म्हणता म्हणता ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती मोडीत काढायचा आदेश दिला. गो फर्स्टची विमानं मे २०२३ मध्ये थांबली, जानेवारी २०२५ मध्ये तिच्यावरही तीच वेळ आली.

आता जरा कान द्या, कारण हे आपल्या कामाचं आहे. कंपनी मोडीत निघाली की पैसे वाटायची रांग कायद्याने ठरलेली असते. प्रक्रियेचा खर्च भागला की तारण घेतलेल्या बँका आणि कामगारांचा २४ महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार एकत्र उभे. ‘कामगार’ या व्याख्येत न बसणारे, म्हणजे टाय लावणारे मॅनेजर, त्यांच्या मागे आणि तेही १२ महिन्यांपुरते. आगाऊ तिकीट काढलेला प्रवासी तर आणखी मागे!

मर्जरचा हिशोब बघायचा तर थेट नरिमन पॉइंट. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली २३ मजली एअर इंडिया बिल्डिंग. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. दोन आजारी माणसांचं लग्न लावलं म्हणून कुणी बरं होत नाही! २०२१ पर्यंत कर्ज ६० हजार कोटींच्या पुढे गेलं. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली, बिल्डिंग मात्र सरकारकडेच राहिली. ती महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं. कलिन्याच्या एअर इंडिया कॉलनीतल्या कुटुंबांना घरं सोडावी लागली, हा हिशोब वेगळाच.

आणि आपलं तिकीट? १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. आता देशातले दहापैकी साधारण नऊ प्रवासी इंडिगो किंवा एअर इंडिया ग्रुपच्या विमानात असतात. डिसेंबर २०२५ मध्ये एकट्या इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं, हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या, भाडी अशी भडकली की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं. त्याच महिन्यात नवी मुंबईचं एअरपोर्ट सुरू झालं. धावपट्टी वाढली, पण काउंटरवरची नावं फारशी नाहीत.

तेव्हा बॉस, फिरून आलात की दोन कामं करा. पीएफचं पासबुक उघडा आणि टीडीएस खरंच भरला जातोय का ते इन्कम टॅक्सच्या साइटवर बघा. किंगफिशरमध्ये पगारातून कापलेला टॅक्स वेळेवर सरकारकडे पोचला नव्हता. ऑफिस कितीही चकाचक असलं, तरी दर तीन महिन्यांनी एवढं बघाच.