मीटरवरचा आकडा

गेल्या वर्षी भाताची झोडणी आटोपली आणि आमच्या घरात एका जीपवरून बोलणी सुरू झाली. ती संपायला संक्रांत उजाडली.

आमचे घर पालघर आणि बोईसरच्या मध्ये, उमरोळीपासून जवळ. आमच्या तालुक्यात गेल्या काही वर्षांत मोठ्या रस्त्याला, मालगाड्यांच्या नव्या मार्गाला, बुलेट ट्रेनला पुष्कळांच्या जमिनी गेल्या. आमचेही अठरा गुंठे गेले आणि त्याचे पैसे आले. असे पैसे कसे येतात आणि कसे जातात ते आजूबाजूला पाहिलेले होते, म्हणून घरात बसून आधीच वाटणी केली. विहिरीचे बांधकाम, धाकटीचे शिक्षण, बाकी बँकेत ठेव. तीन लाख मुलाच्या नावाने बाजूला काढले. मुलगा तारापूरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, तीन पाळ्यांत राबतो. त्याने कधी काही मागितले नव्हते. या वेळी मागितले ते एकच, जुनी महिंद्र ५४० जीप.

आमची ही म्हणाली, "तीन लाखांत नवी नाही तर नाही, पण बरी मोटार तरी येईल. हे भंगार कशाला?" पण ज्याला जीपचे वेड आहे त्याला हे सांगून उपयोग नाही. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून हे वेड आपल्याकडे आहे. ५४० आली १९८० नंतरच्या दशकात, प्यूजोच्या डिझेल इंजिनाची. चारी चाकांना ओढ असलेली गाडी चिखलातून कशी निघते ते पावसाळ्यात आमच्या शेतरस्त्यावर एकदा पाहिले की माणूस विसरत नाही. आता ती बनत नाही. त्यामुळे चांगली राहिलेली जीप लोक दागिन्यासारखी शोधतात.

शोधता शोधता दोन सापडल्या.

पहिली केळव्याची. मुंबईच्या एका कुटुंबाचा समुद्राजवळ बंगला, तिथली. १९९२ सालची. मीटरवर ३१ हजार किलोमीटर. रंग कंपनीचा, सीटची शिवणसुद्धा मूळची. सुट्टीत बाहेर काढायची म्हणून घेतलेली आणि शेवटची अकरा वर्षे शेडमध्ये उभी. मागणे चार लाख दहा हजार.

दुसरी घोलवडकडची, एका चिकूच्या बागायतदाराची. १९९४ सालची. बागेतून स्टेशनवर चिकूच्या करंड्या नेण्यात तिचा जन्म गेला. मीटरवर ४७ हजार दिसत होते. मी मनात म्हटले, ही तर फारशी चाललेली नाही! मालक हसले. म्हणाले, "काका, या मीटरला पाचच घरे. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झाले की पुन्हा शून्यापासून. हा दोनदा फिरलाय." म्हणजे दोन लाख सत्तेचाळीस हजार. त्यांनी न सांगितले असते तर मला कळले नसते. त्यांचे मागणे अडीच लाख.

मुलाला केळव्याची हवी होती. त्याचे म्हणणे, कमी चाललेली आणि मूळची गाडी पुन्हा मिळत नाही, दिवसेंदिवस तिची किंमत वाढेलच. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. त्याने फोनवर तिकडचा दाखला दिला. तिथे १९९१ साली जीएमसी कंपनीने सायक्लोन नावाचा छोटा ट्रक काढला, टर्बो इंजिनाचा, २८० अश्वशक्तीचा. तीन हजारांच्या आतच बनले. एका मासिकाच्या चाचणीत त्याने फेरारीला मागे टाकले होते. आज तिथले हौशी लोक हेच भांडण भांडतात, कमी चाललेला घ्यावा की चालता ठेवलेला. गंमत म्हणजे त्या ट्रकवर माल लादायचा जेमतेम सव्वादोनशे किलो, पन्नासची साडेचार पोती. आपली बैलगाडी याहून जास्त ओढते! पण हौसेला मोल नसते.

प्रश्न एक लाख दहा हजारांचा होता. तेवढी रक्कम ठेवीतून काढावी लागणार होती. ठेव मोडायची तर मोडू, पण आधी गाडी पारखू, असे मी म्हटले. बोईसरच्या आमच्या मिस्त्रींना घेऊन केळव्याला गेलो.

मिस्त्रींनी मीटरकडे पाहिलेच नाही. आधी ब्रेक आणि क्लचच्या पॅडलचे रबर पाहिले, मग स्टिअरिंगवर तळहात फिरवला. केबल काढून ठेवली की जीप पळते आणि मीटर झोपून राहतो, पण पाय आणि हात लागलेल्या जागा झिजतातच. इथे रबरावरच्या रेघा शाबूत होत्या. "एकतीस हजार खरे आहेत," ते म्हणाले. मुलाचा चेहरा खुलला.

मग ते खाली शिरले. हातोडीच्या दांड्याने चेसिस ठोकत गेले. पुढे टणटण आवाज आला, मागच्या पाट्यांच्या जागी आला तो भद्द. बोटाने खरवडले तर पापुद्रेच हातात आले. समुद्राचा खारा वारा अकरा वर्षे आतून लागत होता. टायरवर नक्षी नवी, पण कडेच्या आकड्यांतले शेवटचे चार ०८१२. म्हणजे २०१२ सालच्या आठव्या आठवड्यात बनलेले. रबर कडक, चिरा पडलेल्या. टाकीत डिझेलऐवजी तपकिरी गाळ. ब्रेकचे सिलिंडर धरलेले. वायरिंग उंदरांनी खाल्लेले. शिवाय पासिंग कधीच संपलेले. पंधरा वर्षांवरच्या गाडीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. त्याची फी २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली आणि जुन्या गाड्यांना पुढे आणखी वाढली. उशिराचा दंड वेगळा.

घोलवडच्या गाडीला उलट तपासणी. इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण उघडले तर धुराचे झुपके येत होते. सायलेन्सरमधून निळसर धूर, म्हणजे तेल जळत होते. दुसरा गिअर टाकताना खर्र. सीट दोनदा बदललेली, रंग दोनदा मारलेला. पण चेसिस पुढून मागून टणटणीत, कारण मालक दर पावसाळ्याआधी खालून जुने तेल मारत. आणि त्यांच्याकडे एक वही होती. १९९४ पासून प्रत्येक तेलबदल, प्रत्येक ग्रीस, कोणता पाटा कधी तुटला, सगळे तारखेनिशी.

परत येताना मिस्त्री एवढेच म्हणाले, "इंजिन बांधता येतं. चेसिस बांधायला गेलात तर गाडी ती राहत नाही. नंबर त्याच्यावर आहे."

मला बैलबाजार आठवला. बैलाचे दात पाहून वय कळते, पण नुसता गोठ्यात बांधून ठेवलेला बैल जूं खांद्यावर घेईल की नाही ते दातांवरून कळत नाही. मात्र एक कबूल केले पाहिजे. मुलाला गाडी शेडमध्ये ठेवून जपायची असती, चेसिसला वेल्डिंग आणि वर दीडेक लाख घालायची तयारी असती, तर केळव्याचीच घेण्यात अर्थ होता. मूळचा रंग आणि मूळची शिवण पैसे टाकून परत आणता येत नाही, तेही खरे. पण त्याला ती पावसात चालवायची होती, आणि मला ठेव मोडायची नव्हती. दोन लाख पस्तीस हजारांना घोलवडची ठरली. मुलगा त्या रात्री नीट जेवला नाही.

ऐन आषाढात डिझेल पंप गेला. अडतीस हजार खर्च. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. दोन दिवसांनी रात्रपाळीला निघताना दारातून म्हणाला, "बाबा, केळव्याची पुण्याला गेली. चार लाखांना." एवढे बोलून तो गेला.

सकाळी पाहिले तर घोलवडची ती वही ओट्यावर होती. शेवटच्या पानावर त्याने पंपाची नोंद केली होती, तारीख घालून. किलोमीटरच्या रकान्यात मीटरवरचा आकडा नव्हता. दोन लाख धरून पुरता आकडा लिहिला होता.