चार घरांचा तिढा

काशीस बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला पंचगंगा घाटावर फारसे परके वाटत नाही. या परिसरात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. घाटावरचा दगडी 'हजारा' दीपस्तंभही अहिल्याबाई होळकरांचा. कार्तिकी पौर्णिमेस त्याच्या कोनाड्यांत पणत्या लागू लागल्या, की उजळलेल्या आणि अजून अंधाऱ्या कोनाड्यांतून क्षणभर एखादी आकृती भासते.

दिव्यांची अशीच कल्पना टोकियोच्या नोन इशिदा यांना सुचली होती. उंच इमारतीच्या खिडक्यांतले दिवे लावून-मालवून चित्र काढावे, या कल्पनेवर त्यांनी १९८७ साली एक स्पर्धा जिंकली आणि त्यातून चित्रकोड्यांचा खेळ निघाला. तेत्सुया निशिओ यांनीही त्याच सुमारास तो स्वतंत्रपणे रचला. १९९० पासून इंग्लंडच्या 'संडे टेलिग्राफ'ने तो 'नोनोग्राम' या नावाने छापला. चौकोनी घरांचा पट असतो. प्रत्येक ओळीच्या आणि स्तंभाच्या कडेला आकडे. 'तीन, दोन' म्हणजे सलग तीन घरे काळी, मध्ये निदान एक मोकळे, मग सलग दोन. आकडे जुळवीत गेले की चित्र उमटते. चुकीला दंड करण्याची रीतही जुनी आहे: १९९५ च्या 'मारिओज पिक्रॉस'मध्ये पहिल्या चुकीस दोन मिनिटे कापली जात, दुसरीस चार, तिसरीस आठ.

आमच्या घरमालकीण काकू सत्तरी ओलांडलेल्या. रात्री निजानीज झाली की त्या फोनवर असाच एक खेळ खेळत. त्यात तीन बदाम मिळतात आणि चुकीमागे एक बदाम जातो. परवा त्या फोन बाजूला ठेवून म्हणाल्या, "भाऊसाहेब, आता डोके चालेनासे झाले. आठवड्यात तीनदा हरले." त्यांच्या थोरल्या बहिणीचे विस्मरण असेच बारीकसारीक गोष्टींपासून सुरू झाले होते, हे मला ठाऊक होते. म्हणून तो शेवटचा पट मी कागदावर उतरवून घेतला.

चित्र पाखराचे होते. शेपटीपाशी एकमेकांस लागून चार घरे उरली होती, वर दोन, खाली दोन. दोन्ही ओळींना एकेक काळे घर हवे, दोन्ही स्तंभांनाही एकेकच. वरचे डावे व खालचे उजवे रंगवा, आकडे जुळतात; उलट कर्णावर रंगवा, तरीही जुळतात. खेळाला मात्र एकच कर्ण मान्य, दुसऱ्यास 'चूक'!

घरात यावर बरीच मतमतांतरे झाली. नातू म्हणाला, "आजी, आकडे कशाला, पाखरू बघ ना, शेपटी कुठे वळेल ते दिसतेच." शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या मते थोडा अंदाज हवाच, त्याशिवाय रंगत नाही. लेखा खात्यातून निवृत्त झालेले आमचे स्नेही मात्र चिडलेच: "नमुना भरून दोन उत्तरे निघत असतील, तर दंड कारकुनाला का?" मी त्यांच्या बाजूचा. सोंगट्यांत दान दैवाचे असते, पण ते तसे आधीच ठाऊक असते. येथे वचन तर्काचे दिले होते.

रचनाकाराची एक सबब मी मनात ऐकून घेतली. एका उत्तराखेरीज दुसरे आहे काय, हा प्रश्न सर्वसाधारणपणे फार कठीण गटात मोडतो, असे उएदा आणि नागाओ यांनी १९९६ साली दाखवून दिले. परंतु ती कठीणता पट वाढत जाईल तशी जाणवते. पंधरा बाय पंधराचा पट यंत्र बहुधा निमिषात तपासते. येथे तपासण्याची तसदीच घेतली गेली नव्हती. नातवाने तशी तक्रार लिहून पाठवली. उत्तर आलेले नाही.

काकूंनी दोन्ही कर्णांचा तो कागद बराच वेळ पाहिला. पेन्सिल घेऊन स्वतः आकडे पुन्हा मोजले. "म्हणजे माझे बरोबर होते," त्या हळूच म्हणाल्या, आणि कागद घडी घालून पोथीत ठेवला. तो खेळ त्यांनी अद्याप उघडलेला नाही. नातू आता चौकटीच्या वहीत त्यांच्यासाठी कोडी रचतो, सोडवायला घेण्यापूर्वी त्या विचारतात, "अरे, दुसरे उत्तर निघत नाही ना, ते पाहिलेस का?"