कुंभकोणमच्या शेवंतीचे पाणी

कुंभकोणमच्या उत्तरेला कावेरी वाहते आणि दक्षिणेला तिचाच फाटा असलेली अरसलार. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये खालसा झाले, तरी मराठी बोलणारी घराणी या मुलखात टिकून राहिली. शहराजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचे भव्य देऊळ आहे आणि मरुदानल्लूरच्या भजनपरंपरेत आजही अभंग गायले जातात. त्यामुळे महाराष्ट्रातून इथे आलेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटतात. शेवंतीही त्यातलीच, तमिळमध्ये तिला सामंदी म्हणतात आणि देवळाबाहेरच्या हारांत ती भरपूर असते. मात्र पुण्या-नगरकडे शेवंतीला पाणी घालण्याची जी रीत हाताला बसलेली असते, ती इथे जशीच्या तशी चालत नाही. कावेरीच्या खोऱ्यात शेवंती जगवायची तर पाणी देण्यापेक्षा पाण्याचा निचरा करण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते, आणि पाण्याची पाळी वारावरून न ठरवता मातीच्या वाफशावरून ठरवावी लागते, असे माझे ठाम मत आहे.

याचे पहिले कारण पावसाच्या वेळेत आहे. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर पाऊस पडतो तेव्हा शेवंती वाढीला लागलेली असते. दसऱ्याच्या आसपास आभाळ मोकळे होते आणि कळी धरते ती कोरड्या हवेत. कुंभकोणमला हा क्रम उलटा आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस इथे बेताचा. वर्षाच्या पावसातला निम्म्याहून अधिक वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वारे आणतात. कळीची वेळ पुढेमागे करणे साध्या बागेत कुणाच्याच हाती नाही. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी १९२० मध्ये मांडला, आणि शेवंती हे त्याचे ठळक उदाहरण ठरले: रात्री लांबू लागल्या की ती कळ्या धरते. कुंभकोणम अकराव्या अक्षांशाजवळ असल्याने तिथला सर्वांत लहान दिवसही सुमारे साडेअकरा तासांचा असतो, तरी तेवढा फरक तिला पुरतो. म्हणजे झाड कळीवर येते तेच नेमके मुसळधार पावसात. त्यात खोऱ्यातली गाळाची चिकण माती पाणी धरून ठेवणारी. मुळांभोवती पाणी साचले की मातीतली हवा निघून जाते, मुळे कुजतात आणि भरल्या पाण्यात झाड मरगळते.

म्हणून पाण्याचा विचार लागवडीपासूनच करायला हवा. फुले सरली की जानेवारी-फेब्रुवारीनंतर झाड जमिनीलगत छाटतात आणि बुडाशी आलेल्या काश्या पुढच्या लागवडीसाठी राखतात. एप्रिल-मेच्या उन्हात या काश्यांना वाढवायचे नसते, नुसते जगवायचे असते. दुपारची सावली, बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन आणि माती अगदी कोरडी पडणार नाही इतके पाणी त्यांना पुरे. जून-जुलैत त्या नव्या जागी लावतात. याच सुमारास कावेरीला पाणी येते. मेट्टूर धरणाचे पाणी खोऱ्यासाठी १२ जूनला सोडण्याचा प्रघात आहे, आणि तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी वाढत्या कावेरीची पूजा होते. नदीला पाणी आले म्हणून शेवंतीलाही मुबलक द्यावे, असा मोह याच दिवसांत होतो. ते पाणी भाताला मानवते, कारण भाताचे मूळ चिखलात श्वास घेऊ शकते. शेवंतीचे तसे नाही. तिला या काळात हवे असते ते मुळांपर्यंत झिरपणारे पाणी आणि त्यानंतर थोडी उसंत. लागवडीनंतर महिन्याभराने शेंडा खुडला की फुटवे येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पानोळा दाट होतो. तेव्हा तिची तहान खरोखर वाढते, आणि या दिवसांत हात आखडणाऱ्याला पुढे बारीक फुले मिळतात.

ऑक्टोबर लागला की कामच बदलते. झारी बाजूला ठेवून कुदळ हाती घ्यायची. गादीवाफे वीतभर उंच आहेत ना, सऱ्या मोकळ्या आहेत ना, कुंडीच्या तळाचे भोक बुजले नाही ना, हे पावसाआधी पाहायचे. उन्हाळ्यात उपयोगी पडलेले आच्छादन आता बुडापासून दूर सारायचे. पावसाने उघडीप दिली आणि पाणी द्यायची वेळ आलीच, तर सकाळी आणि बुडाशीच द्यावे. संध्याकाळी पानांवर शिंपडलेले पाणी रात्रभर राहते, आणि ओल्या पानांवर करपा व तांबेरा झपाट्याने पसरतात. उमललेल्या फुलांत पाणी साचले तर पाकळ्या सडतात. पोंगलच्या सुमारास पाऊस मागे हटतो, तेव्हा नियमाने पाणी देणे पुन्हा सुरू करायचे.

यावर पहिला आक्षेप असा की शेवंतीची मुळे उथळ असतात, म्हणून तिला रोज पाणी हवेच. मुळे उथळ असतात हे खरे. पण चिकण मातीचा वरचा थर वाळून भेगाळला तरी चार बोटे खाली ओल असते. रोज थोडे थोडे शिंपडले की मुळे त्या वरच्या थरातच घुटमळतात आणि एका कडक दिवसात होरपळतात. दुसरा आक्षेप डोळ्यांना दिसणारा आहे: दुपारी पाने माना टाकतात, ती तहान नव्हे तर काय? दुपारी मुळे शोषतात त्याहून अधिक पाणी पाने गमावतात. संध्याकाळी पाने पुन्हा ताठ झाली, तर झाडाची काही तक्रार नाही. पहाटेही ती मलूल असतील आणि माती ओली असेल, तर मूळ कुजते आहे असे समजावे. तिथे आणखी पाणी घालणे म्हणजे रोगाला हातभार लावणे. तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा पाणी सांगितले आहे. मग प्रत्येकाने आपला वेगळा हिशेब का मांडावा? ही शिफारस शेतातल्या पिकासाठी आहे, आणि सुरुवात करायला तिच्याइतका चांगला आधार नाही. पण गच्चीवरची मातीची कुंडी कडक उन्हात एका दिवसात सुकते आणि परसातला वाफा डिसेंबरात पंधरा पंधरा दिवस ओला राहतो. दोन्हींना एकच पाळी लावणे त्या शिफारशीलाही अभिप्रेत नसावे. ठिबक बसवली तरी ती किती वेळ चालू ठेवायची हे माणसालाच ठरवावे लागते.

तेव्हा कुंभकोणमात असा की कोल्हापुरात, पाणी घालण्याआधी बोट दोन पेरे मातीत घाला. माती गार लागली, दाबल्यावर तिचा गोळा झाला आणि बोटाच्या धक्क्याने तो फुटला, तर वाफसा आहे. आज पाणी नको. कोरडी भुकटी हाताला आली तर मुळे भिजेपर्यंत द्या. चिखल लागला तर झारी ठेवा आणि सरी मोकळी करा. शेवंतीला एवढी चौकशी पुरते, आणि ती वर्षभर न चुकता करावी.