आधी फाइल, मग गिऱ्हाईक

पुण्यात ९० लाखांना टू बीएचके विकला, तर दोन टक्क्यांनी दलाली होते १ लाख ८० हजार. एजंटची जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी ३२ हजार ४००. घर विकायला निघालेला माणूस कागदावर हा आकडा मांडतो आणि तिथेच अडकतो. एवढे पैसे कशासाठी द्यायचे? सोसायटीच्या ग्रुपवर टाकू, पोर्टलवर टाकू, येईल कोणीतरी. काही जणांचं उलट असतं. जाऊ देत दोन लाख, पण आपल्यामागचा व्याप तरी टळेल.

मी वकील आहे. जुनी घरं विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची कागदपत्रं तपासणं, करारनामे तयार करणं, नोंदणी करून देणं हे माझं रोजचं काम. एजंटमार्फत आलेले व्यवहार माझ्याकडे येतात, परस्पर ठरलेलेही येतात, आणि दोन्ही प्रकारचे अडकतात. एजंट होता की नव्हता याच्याशी त्या अडकण्याचा संबंध फार क्वचित असतो. बहुतेकदा घर विकायला काढलं तेव्हा त्याची फाइलच तयार नसते. म्हणून ‘एजंट लावू का?’ असं विचारायला कोणी आलं, की मी आधी फाइल मागते.

एका जुन्या सोसायटीतल्या काकूंचं प्रकरण सांगते. यजमान गेल्यावर सोसायटीनं नॉमिनी म्हणून शेअर सर्टिफिकेटवर काकूंचं नाव चढवलं. काही वर्षांनी त्यांनी मुलाबरोबर राहायला जायचं ठरवलं आणि घर विकायला काढलं. एजंटची गरजच पडली नाही. शेजारच्या विंगमधल्या कुटुंबाच्या भाच्याला घर आवडलं, भाव ठरला, पेढेसुद्धा वाटून झाले. मग घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलांनी कागद पाहिले. मूळ करारनामा यजमानांच्या एकट्याच्या नावावर, आणि मृत्युपत्र नाही. म्हणजे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि बंगळुरूला असलेली मुलगी, तिघांचा सारखा हिस्सा. सोसायटीच्या दप्तरी सभासद काकू असल्या, तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मालकी वारसांचीच राहते. मुलीनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं किंवा विकणारी म्हणून करारावर सही करायची, एवढंच हवं होतं. तिची हरकत काहीच नव्हती. पण घर विकलं जातंय हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. भावाला ती म्हणाली, “सहीसाठी फोन केलास. बाबांचं घर विकतोयस हे सांगायला नाही केलास.” तो रुसवा निघायला महिने गेले, तोवर घेणाऱ्याच्या कर्जमंजुरीची मुदत संपली आणि त्यानं दुसरीकडे घर घेतलं. इथे एजंट असता तरी त्याला काही करता आलं नसतं.

फाइलमध्ये बिल्डरपासून तुमच्यापर्यंतच्या सगळ्या करारनाम्यांची साखळी हवी, प्रत्येकाची नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू (नोंदणीचा एकपानी गोषवारा) यांसह. शेअर सर्टिफिकेट, भोगवटापत्र, मिळकतकराची चालू पावती, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र हवं. कर्ज कधीच फिटलंय पण मूळ कागद बँकेतच पडलेत, असं खूप घरांत असतं. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत बँकेनं मूळ कागद परत द्यायचे. दिरंगाई बँकेची असेल तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. त्याआधी कर्ज फेडलेल्यांनी हातपाय हलवून कागद सोडवून आणावेत. घर विकायला काढल्यावर सोसायटी ‘डोनेशन’ म्हणून लाख-दीड लाख मागते, तेव्हा लोक मुकाट्यानं देतात. महापालिका हद्दीत हस्तांतरणाच्या अधिमूल्याला २००१ च्या शासन परिपत्रकानं २५ हजारांची मर्यादा घातलेली आहे. ती सांगायला संकोच करू नये.

फाइल झाली की भाव. भाव एजंटला ठाऊक आणि मालकाला नाही, हा एजंटचा सगळ्यात मोठा वरचष्मा असायचा. आता तसं राहिलेलं नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये आपल्या इमारतीचे गेल्या दोन-तीन वर्षांतले इंडेक्स टू कोणालाही बघता येतात. त्या एका पानावर वरून दुसऱ्या ओळीत मोबदला असतो, तिसऱ्या ओळीत बाजारभाव, म्हणजे रेडी रेकनरनुसार सरकारनं धरलेली किंमत, आणि खाली क्षेत्रफळ, बहुतेकदा चौरस मीटरमध्ये. चौरस मीटरला १०.७६४ नं गुणा, मोबदल्याला त्यानं भागा, आणि तुमच्या इमारतीत खरोखर कोणत्या दरानं व्यवहार झाले ते समोर येतं. क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप, हे मात्र करारनाम्यात पाहून घ्या; तिथेच गणित चुकतं. पोर्टलवरचे आकडे हे मागणीचे आकडे असतात. त्यांवर विसंबून किंमत लावलेलं घर वर्षभर तसंच पडून राहतं, आणि मग ‘याच्यात काहीतरी गोम असणार’ असं घेणाऱ्यांना वाटू लागतं.

भावाच्या बाबतीत एजंटचं हित आणि तुमचं हित कुठे वेगळं होतं, ते समजून घेतलं पाहिजे. ९० लाखांऐवजी ९३ लाख मिळाले तर तुमचे ३ लाख वाढतात. एक टक्का घेणाऱ्या एजंटचे ३ हजार. त्या ३ हजारांसाठी आणखी दोन महिने वाट बघण्यापेक्षा आजचं गिऱ्हाईक पक्कं करणं त्याला परवडतं. अमेरिकेत स्टीव्हन लेव्हिट आणि चाड सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रीच्या नोंदी तपासल्या होत्या. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते सरासरी ९ ते १० दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात, असं त्यांना आढळलं. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथली पद्धत वेगळी, दलालीचे दर वेगळे. पण टक्केवारीवर काम करणाऱ्या माणसाला घाई का असते, हे गणित दोन्हीकडे एकच आहे. यात कोणाची लबाडी नाही. म्हणून किमान किती घ्यायचे तो आकडा घरात ठरवा आणि एजंटला सांगू नका.

मग एजंटचा उपयोग काय? पुष्कळ आहे, आणि दोन टक्के म्हणजे फुकटचे पैसे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पोर्टलवर ‘मालकाकडून थेट’ अशी जाहिरात टाकून बघा. पहिल्या दिवशी येणारे बरेचसे फोन एजंटांचेच असतात. उरलेल्यांत नुसते बघणारे, कर्ज मिळण्याची पात्रता नसलेले, आणि स्वतःचं घर विकल्यावर मग घेणारे. चांगला एजंट पहिल्या फोनवरच पार्टीचं बजेट, नोकरी, कर्जाची तयारी विचारून घेतो आणि दहातल्या दोघांनाच दारात आणतो. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसानं अनोळखी लोकांना रविवारी दुपारी आतल्या खोलीपर्यंत फिरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घासाघीस समोरासमोर करताना मालक चिडतात. ‘किचन जुनंच आहे की’ हे वाक्य ज्या बाईनं त्या किचनमध्ये तीस वर्षं काढली तिला लागतं, आणि बोलणी तिथेच मोडतात. मधल्या माणसाला ते लागत नाही. घरात भाडेकरू असेल, मालक परगावी असेल, भावंडांमध्ये अबोला असेल, तर एजंट लावाच. उलट तुम्ही त्याच शहरात आहात, सोसायटीला मागणी आहे आणि फाइल स्वच्छ आहे, तर दोन-तीन महिने स्वतः प्रयत्न करून बघावा. सोसायटीतलेच कोणी नातेवाइकांसाठी किंवा मोठ्या घरासाठी शोधत असतात, आणि ती गिऱ्हाइकं सगळ्यात भरवशाची असतात.

एजंट लावायचा तर लेखी. आपल्याकडे एकच एजंट बऱ्याचदा विकणाऱ्याकडूनही दलाली घेतो आणि घेणाऱ्याकडूनही. दोन एजंट असले तर ‘साइड बाय साइड’, म्हणजे ज्याची पार्टी त्याची दलाली. दोन्हीकडून घेणारा एजंट तुमची बाजू लढवणार नाही, तो व्यवहार पार पाडणार. हे आधीच विचारून पत्रात लिहून घ्या. दलाली किती, जीएसटी धरून की वेगळा, किती महिन्यांसाठी काम दिलंय, तुम्ही स्वतः आणलेल्या गिऱ्हाइकावर दलाली लागणार की नाही, एवढं एका पानात मावतं. भारतीय करार कायदा असं सांगतो की, वेगळं ठरलेलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही. तरी टोकनच्या दिवशीच पूर्ण दलाली मागितली जाते. अर्धी नोंदणीच्या दिवशी आणि अर्धी तुमच्या खात्यात पूर्ण रक्कम आल्यावर, अशी अट मी घालायला लावते. शिवाय महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. जुन्या सोसायटीतल्या पुनर्विक्रीला तो लागतोच असं नाही. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटांना तो सक्तीचा आहे आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. पण ज्यानं ती दिली आहे, त्याला करारनाम्यात काय असतं ते निदान माहीत असतं.

आता जिथे माझा जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागतो, तो टप्पा. टोकन घेतल्यापासून पूर्ण पैसे येईपर्यंतचा. टोकनची पावती म्हणून माझ्यासमोर अनेकदा वहीचं फाडलेलं पान येतं: ‘आज रोजी फ्लॅटपोटी एक लाख मिळाले’, खाली सही. किंमत किती, बाकी कधी, कर्ज नामंजूर झालं तर टोकन परत की जप्त, यातलं एक अक्षर नसतं. आणि ते एक लाख रोख घेतलेले असतात. स्थावर मिळकतीपोटी २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं २०१५ पासून आयकर कायद्यानं बंद आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा होतो. हा दंड घर घेणाऱ्याला होत नाही, पैसे स्वीकारणाऱ्याला होतो, म्हणजे घर विकणाऱ्याला. ‘थोडे नंबर दोनमध्ये घ्या’ असा आग्रह एजंटकडून आला, तर त्याच दिवशी एजंट बदलावा.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदणी होते, तेव्हा बहुतेक विक्रेत्यांच्या हातात किमतीच्या १०-२० टक्केच आलेले असतात. कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, दोन साक्षीदार, आणि करार नोंदला गेला. त्यानंतर तो नोंदलेला करार आणि इंडेक्स टू घेणाऱ्याच्या बँकेत जातो, आणि मग कर्जाची मोठी रक्कम विकणाऱ्याकडे येते. त्याचं स्वतःचं कर्ज बाकी असेल, तर त्यातला पहिला हिस्सा थेट त्याच्या बँकेला. हे दिवस कधी आठ, कधी पंचवीस. या काळात घेणारे म्हणतात, “किल्ली द्या ना, फर्निचरचं काम सुरू करतो.” एजंटही भर घालतो, “चांगली माणसं आहेत.” चांगलीच असतात. तरी किल्ली द्यायची नाही. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावर ताबापावती आणि त्याच वेळी किल्ली, हे करारातच लिहिलेलं असावं, म्हणजे नकार देताना वाईटपणा येत नाही. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. तो तुमच्या पॅनवर भरलाय हे तपासूनच ताबा द्या.

मुलं न्यू जर्सीला किंवा सिडनीला आणि घर कोथरूडला, असं आता पुष्कळांचं आहे. विकणारा अनिवासी असेल तर टीडीएस १ टक्का राहत नाही, भांडवली नफ्याच्या दरानं कापला जातो. कमी कपातीचा दाखला आधी घेतला नसेल तर घेणारा सावधगिरी म्हणून अख्ख्या किमतीवर कापतो. हा दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून गिऱ्हाईक शोधण्याआधीच अर्ज करावा. कुलमुखत्यारपत्र द्यायचं तर नात्यातल्या माणसाला द्या, नेमक्या त्याच घरापुरतं द्या आणि पैसे स्वतःच्याच खात्यात येतील असं त्यात लिहा. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. एजंटच्या नावानं ते कधीही देऊ नका, तो कितीही जुना ओळखीचा असो.

कराचा विचार लोक शेवटी करतात, तो टोकनच्या आधी करायला हवा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरावर निवासी विक्रेत्याला महागाईची वजावट न घेता १२.५ टक्के किंवा ती घेऊन २० टक्के, यांत जो कर कमी येईल तो भरता येतो. नफा दुसऱ्या घरात गुंतवायचा तर विक्रीनंतर दोन वर्षांत घर घ्यायचं, बांधायचं असेल तर तीन. आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर ठरलं नसेल तर तोवर रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायची. नोंदणी मार्चच्या अखेरीस केली की एप्रिलच्या सुरुवातीला, एवढ्यानंही ही विवरणपत्राची मुदत एका वर्षानं बदलते. तेव्हा इसारपावतीवर तारखा घालण्याआधी मूळ खरेदीचा करारनामा घेऊन सीएंकडे जाऊन या.