‘सर्व कांहीं अद्ययावत आहे’

आमच्या अभ्यासिकेंतील संगणकावर आमचा मोठा विश्वास. महिन्यांतून एकदां आम्हीं त्यास नव्या आवृत्त्यांची चौकशी करावी आणि त्यानें ‘सर्व कांहीं अद्ययावत आहे’ असें निःशंक उत्तर द्यावें, हा क्रम दीड वर्ष चालला होता. हिशेब चोख असल्याचें ऐकून जुन्या सावकारास जें समाधान वाटत असेल, तसलेंच आम्हांस वाटे.

२०२५ च्या उन्हाळ्यांत भाचा सुटीला आला. एका संकेतस्थळानें आमचा ब्राउझर जुना ठरवून आम्हांस दारांतूनच परत पाठविलें होतें. ती तक्रार आम्हीं त्याच्या कानावर घातली आणि वर यंत्राची साक्षही काढली. तो हसून म्हणाला, “मामा, यंत्र खोटें बोलत नाहीं. पण तें विचारतें कोणाला, हें तुम्हीं कधीं पाहिलें आहे का?”

आम्हीं तें कधींच पाहिलें नव्हतें. आमच्या यंत्रावर डेबियन ही प्रणाली आहे. १९९३ सालीं आरंभ झालेल्या या प्रकल्पांत सॉफ्टवेअरची ने-आण एपीटी नांवाचा कारभारी पाहतो. १९९९ च्या २.१ या आवृत्तीपासून तो तेथें नांदत आहे. हा कारभारी प्रत्येक वेळीं बाजार धुंडाळीत नाहीं. भांडारांतील मालाची यादी तो घरीं आणून ठेवतो आणि घरचा माल तिच्याशींच ताडून पाहतो. यादी नवी करण्याची आज्ञा ‘अपडेट’, माल बदलण्याची ‘अपग्रेड’. पहिली न देतां दुसरीच दिली, तर जुनी यादी आणि जुना माल यांची बिनचूक जुळणी होते, आणि कारभारी प्रामाणिकपणें सांगतो कीं, नवें कांहीं नाहीं.

आम्ही तर दोन्ही आज्ञा देत होतों. परंतु यादी कोणत्या भांडारांतून आणावी, हें एका लहानशा फायलींत लिहिलेलें असतें. २०२३ च्या दिवाळींत आम्हीं ही प्रणाली तबकडीवरून बसविली, तेव्हां घरचें इंटरनेट बंद होतें. जाळ्यावरील भांडार जोडावें काय, या प्रश्नास आम्हीं ‘नको’ म्हटलें होतें. सुरक्षा-दुरुस्त्यांच्या भांडारापर्यंत पोंचतां न आल्यामुळें त्याची ओळही यंत्रानें आरंभीं खुणेचें चिन्ह घालून निष्क्रिय ठेविली होती. उरली ती तबकडी! दीड वर्ष आमचा कारभारी जगाची खबर टेबलाच्या खणांतील त्या तबकडीस विचारीत होता.

यंत्राच्या प्रत्येक मौनास हाच दोष लावणें मात्र अन्यायाचें होईल. डेबियनच्या स्थिर शाखेंतील आवृत्त्या बहुधा गोठविलेल्या असतात, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या पुष्कळदां त्या जुन्या आवृत्तींतच करतात. म्हणून आंकडा जुना दिसला तरी आंतील खिंडार बुजलेलें असूं शकतें. एखादें पॅकेज मालकानेंच ‘होल्ड’ करून रोखलेलें असतें. फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या वाटेनें आलेल्या वस्तूंची नोंद एपीटीच्या वहींत नसते. उबुंटूमध्यें तर कित्येक दुरुस्त्या टप्प्याटप्प्यानें वांटतात. कांहीं बिघडलेंच तर थोड्यांचें बिघडावें, हा हेतु. हा सर्व विचारपूर्वक केलेला संयम होय. आमचें तें निव्वळ अज्ञान होतें.

भाच्यानें दोन ओळी लिहिल्या. यादी आली, आणि शेंकडों नव्या वस्तू दाराशीं उभ्या राहिल्या. आम्ही हसलों खरे, पण त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

दिवाळीपूर्वींच्या चांचणींत एका विद्यार्थिनीनें किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावरून दिली होती. आम्हीं तें उत्तर आमच्या टिपणवहीशीं ताडलें. वहींत होता पॅरिसजवळच्या सेव्र येथील प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल, १८८९ पासूनचें प्रमाण. आम्हीं दोन गुण कापले. ती विचारावयास आली, तेव्हां ‘वर्गांत सांगितलें तें वाचा’ असें म्हणून तिची बोळवण केली. २० मे २०१९ पासून ती व्याख्या बदलली, हें आम्हीं त्याच वेळीं वाचलें होतें. वहींत मात्र उतरविलें नव्हतें, आणि आम्ही विचारीत असूं तें वहीला!

जूनमध्यें कॉलेज उघडतांच आम्हीं तिला बोलावून चूक कबूल केली. ती संकोचून म्हणाली, “सर, मला वाटलें, माझेंच चुकलें. वार्षिक परीक्षेंत मी दंडगोलच लिहिला.”

चांचणीचे दोन गुण आम्हीं वाढविले. वार्षिक परीक्षेंतले आमच्या हातचे नव्हते. यंत्राची यादी दोन ओळींत नवी झाली. तिच्या मनांत आम्हीं घातलेली जुनी यादी पुसावयास मात्र आम्हांस दुसरी आज्ञा ठाऊक नाहीं. तूर्त आम्हीं टिपणवहीच्या प्रत्येक प्रकरणावर, तें शेवटीं कधीं आणि कशाशीं ताडून पाहिलें, ती तारीख घालूं लागलों आहों. पुष्कळ पानांवर ती जागा अजून कोरी आहे.