वृद्धाश्रमाचं पाणी माणशी २० लिटरात मोजू नका

टंचाईच्या बैठका सुरू झाल्यात. कुठल्या गावाला किती टँकर, कुठली विहीर अधिग्रहित, याद्या तयार होतायत. या याद्यांतून एक जागा हमखास सुटते, वृद्धाश्रम. मुद्दाम कुणी वगळत नाही, हिशोबाची पद्धतच तशी आहे.

टंचाईत टँकर देताना माणशी दिवसाला २० लिटर धरतात. माणसं किती, ते जनगणनेवरून, आणि हाताशी आकडे आहेत ते २०११ चे. आज आश्रमात असलेले बहुतेक आजी-आजोबा तेव्हा आपापल्या गावात, आपापल्या घरात मोजले गेले. त्यांच्या वाट्याचं पाणी कागदावर अजून तिकडेच जातंय.

गेल्या आठवड्यात तालुक्याजवळच्या एका आश्रमात बसून वहीत हिशोब मांडला. (नाव लिहीत नाही. चालक भला माणूस आहे, उगाच चौकशा मागे लागायच्या.) ३८ वृद्ध, ५ कर्मचारी. ग्रामपंचायतीचा नळ आठव्या दिवशी येतो. जमिनीतला हौद ५,००० लिटरचा, गच्चीवरच्या दोन टाक्या मिळून ४,०००. माणशी २० ने आठ दिवसांना ६,८८० लिटर लागतात, साठा ९,००० चा. म्हणजे कागदावर पाणी उरतंय!

मग तिथल्या मावशींना विचारलं, खरं किती लागतं?

"दादा, नऊ जण अंथरुणावर हायेत. एकेकाच्या दिवसाला दोन-तीन चादरी. अंग पुसायचं, कपडे, भांडं. एकाला पाच बादल्या धरा."

बादली १५ लिटरची. नऊ जणांचेच ६७५ लिटर झाले. बाकी ३४ जणांना, आंघोळ दिवसाआड आणि स्वयंपाक धरून, ४० लिटर म्हटले तरी १,३६०. बेरीज दोन हजारांच्या वर. पाचव्या दिवशी दुपारी हौद कोरडा. पुढचे साडेतीन दिवस विकतचा टँकर, तोही मिळाला तर.

पाणी कमी पडलं की काटकसर सुरू होते आणि ती चुकीच्या जागी होते. वय वाढलं की तहान लागल्याचं नीट कळत नाही. त्यात एक आजी मला म्हणाल्या, पाणी प्यालं की उठावं लागतं, उठायचं तर कुणाला तरी हाक मारावी लागते. ४२ अंशांत त्या दोन पेले पाण्यावर दिवस काढतात. हे कुठल्याच टंचाई आराखड्यात येत नाही.

सरकारी टँकर आला तरी बऱ्याच ठिकाणी तो गावच्या विहिरीत रिकामा होतो. तिथून पाणी शेंदणार कोण? आणि लाइट गेली की हौदातलं पाणी गच्चीवर चढत नाही. पाणी असून नळ कोरडे.

पावसाळ्यात तरी सुटका आहे का? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरची पाणी उपसा केंद्रंच पुरात बुडाली. शहराभोवती पाणीच पाणी आणि घरातले नळ बंद.

मागणी फार मोठी नाही. आश्रम, निवासी दिव्यांग शाळा यांची आजची डोकी मोजा, अंथरुणावरचे वेगळे मोजा, आणि टँकर थेट त्यांच्या हौदात सोडा. आश्रमवाल्यांनीही पिण्याची टाकी वेगळी, झाकणाची ठेवावी, टँकरच्या पाण्यात मेडिक्लोर टाकल्याशिवाय ते प्यायला देऊ नये. आणि शेजारच्या बोअरवाल्याशी आत्ताच बोलून ठेवावं. मे महिन्यात कुणी ओळख देत नाही हो.

सोमवारी तहसीलला बैठक आहे. मी ही वही घेऊन जातोय. आपल्या भागातल्या आश्रमात माणसं किती, त्यातली अंथरुणावर किती आणि साठवण किती लिटरची, एवढं रविवार संध्याकाळपर्यंत इनबॉक्सला पाठवा. नावं छापणार नाही.