नोंदवहीत न आलेली रात्र

१९९२ च्या आषाढातील ती रात्र आमच्या घरात अजूनही हळू आवाजातच सांगितली जाते. आमची धाकटी भगिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूरकडच्या खाडीकाठी; दिवस मावळला की होडी बंद, आणि पावसाने रस्ता खचलेला. डॉक्टर पलतीरावरच्या आरोग्य केंद्रात. अलीकडे होत्या त्या उपकेंद्रातील नर्सबाई.

मूल जन्मले ते निळसर, न रडणारे. आमच्या आईने ओंजळीत पाणी घेतले. जिवाला धोका असेल तेव्हा कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतो, हे तिला ठाऊक होते. १९१७ च्या धर्मसंहितेने तर सुइणींना तो विधी नीट शिकवून ठेवण्याचे कर्तव्य धर्मगुरूंवर सोपविले होते. नर्सबाईंनी मुलाचे नाक-तोंड स्वच्छ केले, पाठ चोळली आणि म्हणाल्या, "आजी, जरा थांबा. रडेल तो." तो रडला.

खरा घोर पुढेच होता. वार पडली, पण रक्त थांबेना. नर्सबाईंनी ओटीपोट चोळले, रक्तदाब पाहिला, आणि गर्भाशय आवळणारे इंजेक्शन टोचले. रक्तदाब चढलेला असता तर तेच औषध घातक ठरले असते, हे आम्हांला कितीतरी वर्षांनी कळले. पहाटे त्यांनी आम्हांला बाजूला घेतले. "डॉक्टरांच्या सूचनेवाचून टोचलंय. कुठं बोलू नका."

आम्ही बोललो नाही. स्नानसंस्काराच्या दिवशी शाल आणि नारळ दिला तो डॉक्टरांना. ते सज्जन गृहस्थ, पुरते संकोचले. नर्सबाई शेवटच्या बाकावर बसून होत्या. त्यांचे नाव घेतले तर त्या अडचणीत येतील, ही आमची समजूत. ती आमच्या सोयीचीही होती, हे आज कबूल केले पाहिजे.

परवानगी ही नेहमी हातांच्या मागून येते. डॉ. अ‍ॅना डेंगल यांनी रावळपिंडीत पाहिले की, पुरुष डॉक्टरांपुढे न येणाऱ्या स्त्रिया उपचारावाचून मरत आहेत. १९२५ साली त्यांनी वैद्यकीय सेवेसाठी भगिनीसंस्था काढली. पण व्रतस्थ भगिनींना मिशन प्रदेशांत बाळंतपणे करण्याची मोकळीक व्हॅटिकनने दिली ती १९३६ च्या फेब्रुवारीत. आपल्या सरकारने २००५ साली उपकेंद्रातील नर्सबाईंना आणीबाणीत अशी इंजेक्शने देण्याची मुभा दिली. आमच्या घरातील त्या रात्रीला तेव्हा तेरा वर्षे झाली होती.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकार आणखी पुढे गेले. नोंदणीकृत परिचारिकांना अठरा महिन्यांचे जादा प्रशिक्षण द्यायचे, आणि मग सरळ, निर्धोक बाळंतपणे त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर करायची. अडलेली बाई तेवढी डॉक्टरांकडे. काही डॉक्टर याला हरकत घेतात, आणि तीत तथ्य आहे. सरळ चाललेले बाळंतपण घटकेत फिरते. आम्ही ते डोळ्यांनी पाहिले आहे. पण त्या रात्री आमच्या बहिणीला वाचविले ते देखरेखीने नव्हे. देखरेख पलतीरावर झोपली होती. वाचविले ते त्या बाईंच्या शिक्षणाने आणि धाडसाने, आणि त्यांतले धाडस त्यांना चोरून करावे लागले. आमचे डॉक्टर-मित्र यावर म्हणतात, "तुमची बहीण वाचली म्हणून सगळ्या वाचतात का?" नाही वाचत. म्हणूनच शिक्षण हवे, रक्त हवे, रात्री निघणारी गाडी हवी. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे. खचलेल्या रस्त्यावर तिचाही इलाज नाही.

नर्सबाई आता निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. मध्यंतरी भेटलो तेव्हा आम्ही त्यांना २०१८ च्या धोरणाची माहिती सांगितली. प्रसूतींची संख्या मोठी आहे अशा रुग्णालयांत ही केंद्रे निघायची, म्हणजे डॉक्टर हाकेच्या अंतरावरच असतील, असेही सांगितले. सुरुवात तेथून व्हावी हे आम्हांला शहाणपणाचे वाटते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "आणि खाडीच्या अलीकडं?"